चोवीस तासांची लघवी आणि प्रथिनांचा हिशेब

मला टाईप टू मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली. शुगरच्या डॉक्टरांनी मागेच सांगून ठेवलं होतं की जेवणात प्रथिनं वाढवा. पोट भरल्यासारखं राहतं, जेवणानंतर शुगर एकदम उसळत नाही, आणि वजन उतरताना स्नायू झिजत नाहीत. मी वाढवली. पुढे किडनीच्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, प्रथिनं जरा कमी करा. दोघंही अनुभवी, दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर. फक्त "किती" हे दोघांपैकी कुणीच सांगितलं नव्हतं. तो आकडा काढायला काय काय करावं लागलं, ते लिहून ठेवतेय.

सुरुवात वर्षातून एकदा करायच्या लघवीच्या तपासणीने झाली. टाईप टू असेल तर निदान झालं त्या वर्षापासूनच ती दरवर्षी करायची असते, कारण निदानाच्या आधीच कित्येक वर्षं शुगर गुपचूप वाढलेली असू शकते. लघवीचा छोटासा नमुना द्यायचा, त्यातल्या अल्ब्युमिनचं (किडनी बिघडली की लघवीत गळणारं प्रथिन) क्रिएटिनीनशी (स्नायूंतून येणारा आणि किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) प्रमाण काढतात. त्याला एसीआर म्हणतात. एक ग्रॅम क्रिएटिनीनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ठीक. माझं आलं १४०.

त्याच वेळी रक्तातलं क्रिएटिनीन १.१ होतं. लॅबने छापलेल्या मर्यादेत ते काठावर का होईना पण बसत होतं, म्हणून मर्यादेबाहेरच्या आकड्यापुढे छापतात तो तारा त्याच्यापुढे नव्हता. आमच्या घरी रिपोर्ट वाचायची पद्धत म्हणजे तारे शोधणं. यांनी रिपोर्टवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "किडनी व्यवस्थित आहे की." पण त्याच्या खालच्याच ओळीत ईजीएफआर, म्हणजे किडनी किती वेगाने रक्त गाळते याचा अंदाज, ५९ लिहिलेलं होतं; तो जितका कमी तितकी किडनी कमजोर. क्रिएटिनीन १.१, वय ५६ आणि बाईमाणूस, एवढ्यावरून सूत्राने काढलेला तो आकडा. तिशीतल्या धडधाकट पुरुषाला १.१ क्रिएटिनीन अगदी चालून जातं, माझ्या वयाच्या बाईच्या अंगात स्नायू कमी असल्यामुळे तेच १.१ वेगळं काही सांगतं. तेव्हापासून कुणी "क्रिएटिनीन नॉर्मल आलं" म्हणालं की मी ईजीएफआर विचारते. लोकांना ते आगाऊपणाचं वाटतं, वाटू दे.

एका रिपोर्टवरून कुणी शिक्का मारत नाही, हे मात्र चांगलं आहे. ताप असेल, लघवीत जंतुसंसर्ग असेल, आदल्या दिवशी जोराचा व्यायाम झाला असेल, शुगर किंवा रक्तदाब फार चढलेला असेल, तरी अल्ब्युमिन तेवढ्यापुरतं वाढतं. म्हणून अंतराने पुन्हा नमुने दिले. ते ९६ आणि ११२ आले, ईजीएफआर तिथल्या तिथेच राहिलं. बिघाड तीन महिन्यांहून जास्त टिकला की त्याला क्रॉनिक म्हणतात. डॉक्टरांनी फाइलवर "जी३ए, ए२" असं लिहिलं (जी ही ईजीएफआरची पायरी, ए ही अल्ब्युमिनची) आणि हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा चौकोनांचा एक तक्ता समोर धरला. माझा चौकोन नारिंगी होता, म्हणजे लालच्या एक पायरी अलीकडे.

प्रथिनांचा किडनीशी संबंध काय, हे मी तिथेच विचारलं. त्यांनी रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूला पेनाने एक गुंतवळ काढली. रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांचा तो पुंजका. एका बाजूने रक्त आत आणणारी बारीक रक्तवाहिनी, दुसऱ्या बाजूने बाहेर नेणारी. प्रथिनयुक्त जेवण झालं की त्यातल्या अमिनो आम्लांमुळे आत येणारी वाहिनी रुंदावते, पुंजक्यातला दाब वाढतो आणि गाळण्याचं काम वाढतं. निरोगी किडनीत हे होतं आणि पुन्हा खाली येतं. मधुमेहात वाढलेल्या शुगरमुळे ती वाहिनी आधीच रुंदावलेली असते. त्यात काही गाळण्या निकामी झाल्या की त्यांचं काम उरलेल्यांवर पडतं, त्यांच्यातला दाब आणखी वाढतो, आणि जास्त राबवल्यामुळे त्याही लवकर झिजतात. ही मांडणी बॅरी ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये केली. त्यानंतर कित्येक वर्षं किडनीच्या रुग्णांच्या ताटातून प्रथिनं काढून घ्यायची लाटच होती.

"मग मी बंदच करते," असं मी म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "नाही, तसं अजिबात करू नका." १९९४ मध्ये अमेरिकेतल्या ८४० रुग्णांवरच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. लोकांना ठरवून कमी प्रथिनांवर ठेवलं होतं, पण झीज मंदावल्याचा नि:संशय पुरावा काही मिळाला नाही. शिवाय त्यात इन्सुलिन घेणारे मधुमेही घेतलेलेच नव्हते. म्हणजे माझ्यासारख्यांसाठी पुरावा आणखीच पातळ. त्यामुळे आता किडनीवर परिणाम झालेल्या, पण डायलिसिसवर नसलेल्या मधुमेहींना दिवसाला किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं सांगतात. निरोगी माणसालाही किमान एवढीच सांगतात, म्हणजे ही काही उपासमार नाही. किलोमागे १.३ च्या वर जाऊ नका, हा त्यातला जास्त महत्त्वाचा भाग. आणि डायलिसिस सुरू झालं की आकडा उलटा वाढतो, १ ते १.२ होतो, कारण डायलिसिसमध्ये अमिनो आम्लं वाहून जातात. हे मला माहीतच नव्हतं. ओळखीतले एक डायलिसिसवर असलेले गृहस्थ "किडनीला जड" म्हणून अंडं नाकारतात. त्यांना जाऊन सांगावं की नाही, हा वेगळाच पेच.

माझं वजन ६८ किलो, त्यामुळे ०.८ ने आकडा आला ५४ ग्रॅम. आता मी खात किती होते?

आहारतज्ज्ञ बाईंनी आधी तोंडी विचारलं. सकाळी काय, दुपारी काय, दूध केवढं, वाटी केवढी. मी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं आणि त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "सांगण्यात आणि खाण्यात सगळ्यांचाच फरक पडतो. आपण चोवीस तासांची लघवी तपासू." खाल्लेल्या प्रथिनांतला बहुतेक नायट्रोजन शेवटी युरिया होऊन लघवीतून बाहेर पडतो. वजन स्थिर असेल, आजारपण नसेल, तर जेवढा आत गेला तेवढा बाहेर येतो. तो मोजला की खाणं कळतं.

चोवीस तासांची लघवी गोळा करणं ऐकायला सोपं आहे. लॅबवाल्यांनी मोठा प्लॅस्टिकचा कॅन दिला. पहिल्या दिवशी सकाळी उठल्यावरची लघवी धरायची नाही, सोडून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये, अगदी दुसऱ्या दिवशी त्याच वेळेच्या पहिल्या लघवीपर्यंत. बहुतेकांची चूक पहिल्या आणि शेवटच्या लघवीतच होते म्हणे. थेट कॅनमध्ये जमत नाही, म्हणून एक हँडलवालं प्लॅस्टिकचं मापपात्र बाथरूममध्ये ठेवलं आणि दाराला चिठ्ठी चिकटवली, म्हणजे अर्धवट झोपेत विसर पडायला नको. कॅन थंड जागी ठेवायचा होता. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काळ्या पिशवीत गुंडाळून ठेवला, तरी यांनी त्या दिवशी फ्रिजला हात लावला नाही. रविवार निवडला होता, कारण बाहेर जायचं नव्हतं. नेमके पाहुणे आले. बाथरूममधलं ते मापपात्र बघून पाहुण्या बाईंनी काही विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

त्या दिवशी कमी खायचा मोह फार होतो. परीक्षा असल्यासारखं वाटतं. बाईंनी आधीच बजावलं होतं की रोजच्यासारखंच खा, नाहीतर एवढा खटाटोप कशाला.

रिपोर्ट आला. लघवीतलं क्रिएटिनीन आधी बघतात, कारण ते रोज साधारण ठरावीकच पडतं. फार कमी दिसलं तर गोळा करण्यात सांडलवंड झाली असं समजायचं. माझं ठीक होतं. युरिया होता २५.७ ग्रॅम. सूत्र मुलाने शोधून ठेवलेलंच होतं: वजनाला ०.०३१ ने गुणायचं (हा युरियाखेरीज इतर वाटांनी जाणारा नायट्रोजन), त्यात लघवीतला नायट्रोजन मिळवायचा, आणि बेरजेला ६.२५ ने गुणायचं. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, त्यावरून ते ६.२५ आलं. त्याने मोबाईलवर आकडेमोड केली आणि उत्तर काढलं १७४ ग्रॅम. "आई, तू पैलवानाचं खातेस!" मी गप्पच. यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी रात्री उठून चोरून खाते.

बाईंनी रिपोर्ट बघितला आणि हसल्या. लॅबने युरिया दिलाय, नायट्रोजन नाही. युरियाला आधी ०.४६७ ने गुणायचं, मग नायट्रोजन मिळतो. म्हणजे १२ ग्रॅम. त्यात माझ्या वजनाचे २.१ मिळवून ६.२५ ने गुणलं की ८८ ग्रॅम. किलोमागे १.३, म्हणजे बरोबर त्या रेषेवर. कुणी ही तपासणी करणार असेल तर रिपोर्टवर "युरिया" लिहिलंय की "युरिया नायट्रोजन", एवढं आधी बघावं.

आता ८८ येतात कुठून ते शोधायचं होतं. दोन अंड्यांचे १२ झाले. दिवसभराचं दूध मिळून अर्धा लिटर, त्याचे १६ ते १७. दह्याचे ५. डाळी-कडधान्यं कोरडी ६० ग्रॅम, त्यांचे १४. इथेही लोकांची गल्लत होते. १०० ग्रॅम कोरड्या डाळीत २२-२४ ग्रॅम प्रथिनं असतात, शिजल्यावर ती पाणी पिऊन फुगते आणि शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये आठेक उरतात. कुठला आकडा कोरड्याचा आणि कुठला शिजलेल्याचा हे न बघता तक्ता वाचला तर हिशेब तिपटीने चुकतो. दिवसभरात पोटात गेलेल्या धान्याचे २० ग्रॅम निघाले. धान्यातल्या प्रथिनांना कुणी मोजतच नाही, आणि तिथे ते सगळ्यात मोठ्या रकमांपैकी एक होते. मग उरली प्रथिनांची पावडर. मुलगा जिममध्ये जातो, तोच डबा तो मलाही आणून देत होता. रोज एक चमचा, म्हणजे त्यांचा तो मोठा स्कूप, त्यात २४ ग्रॅम प्रथिनं. सगळे अंदाजाचे आकडे, त्यामुळे बेरीज ८८ च्या तीनेक ग्रॅम वर जाते.

पावडर बंद केली की बहुतेक काम झालंच होतं. ८८ मधून २४ गेले की ६४. बाकीच्यासाठी दूध कमी केलं आणि एक अंडं कमी केलं. डाळी बाईंनी जशाच्या तशा ठेवल्या. वनस्पतींतली प्रथिनं किडनीला सोसवतात असं त्यांचं म्हणणं, कारण त्यांच्यामुळे शरीरात आम्ल कमी तयार होतं, सोबत फायबर येतं, आणि त्यांच्यातलं फॉस्फरस आतड्यातून कमी शोषलं जातं. उलट डबाबंद आणि प्रक्रिया केलेल्या मांसात वरून घातलेले फॉस्फेटचे क्षार जवळजवळ पूर्ण शोषले जातात. कुणीतरी मला फळं आणि पालेभाज्याही सोडायला सांगितल्या होत्या, पोटॅशियम वाढतं म्हणून. माझं पोटॅशियम ४.६ होतं. बाई म्हणाल्या, वाढलेलं नसताना कशाला सोडता? किडनीच्या रुग्णाला फुकटचा सल्ला देणारे फार, आणि प्रत्येक जण एक पदार्थ काढून घेतो.

खरा त्रास पुढे झाला. प्रथिनं कमी केली आणि भूक वाढली. भूक वाढली की हात धान्याकडे जातो. जेवणानंतर दोन तासांनी बोटाला टोचून बघते तर १६० च्या आसपास असणारी शुगर २१० ला टेकली. शुगरच्या डॉक्टरांनी प्रथिनं वाढवायला का सांगितलं होतं, ते आता उलट्या बाजूने कळलं. किडनी झिजवण्यात वाढलेल्या शुगरचाच मोठा हात असतो, त्यामुळे प्रथिनं वाचवून शुगर वाढवणं म्हणजे निव्वळ तोट्याचा व्यवहार. बाईंनी दिवसातली उरलेली प्रथिनं तिन्ही जेवणांत वाटून टाकली. एका वेळी सगळी आणि एका वेळी काहीच नाही, असं करायचं नाही. प्रत्येक जेवणात आधी भाजी आणि डाळ, मग धान्य. कमी पडणाऱ्या उष्मांकासाठी थोडं तेल वाढवलं. इतकी वर्षं "तेल कमी" ऐकल्यावर ते पचायला वेळ लागला. पण उष्मांक अपुरे पडले तर शरीर खाल्लेली प्रथिनंच जाळतं आणि वर स्वतःचे स्नायूही खातं, मग ०.८ चा आकडा कागदावरच राहतो. शुगर १७० पर्यंत उतरली, तिथे आम्ही सगळ्यांनीच समाधान मानलं.

त्याच कॅनमधून आणखी एक आकडा निघाला होता, आणि डॉक्टर प्रथिनांपेक्षा त्यावरच जास्त चिडले. लघवीतलं सोडियम (मिठातला घटक) १६५ मिलिमोल होतं. एक ग्रॅम मीठ म्हणजे साधारण १७ मिलिमोल, त्या हिशेबाने मी दिवसाला जवळपास १० ग्रॅम मीठ खात होते. सांगतात ५ च्या आत. मी वरून मीठ घेत नाही, हे मी छातीठोकपणे सांगत असे. वरून नव्हतंच, सगळं आतून होतं. मीठ जास्त असलं की रक्तदाबाची आणि लघवीतलं अल्ब्युमिन कमी करणारी गोळी नीट काम करत नाही, म्हणजे मी गोळी घेत होते आणि मिठाने तिचे हात बांधत होते. प्रथिनांवर घरात एवढी चर्चा झाली, मिठावर कुणी चकार शब्द काढला नव्हता.

औषधं दोन प्रकारची आहेत. त्या पाठकोऱ्या चित्रावरच त्यांनी ती समजावली. रक्तदाबाची गोळी रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैल करते. लोसार्टन आणि इर्बेसार्टन या त्या जातीच्या औषधांचा टाईप टूच्या रुग्णांच्या किडनीला फायदा होतो, हे २००१ मध्येच दाखवून झालं. दुसरी गोळी डापाग्लिफ्लोझिन, ती लघवीतून साखर सोडते आणि आत येणारी वाहिनी आवळते. तिच्यावरचा मोठा अभ्यास २०२० चा. दोन्हींमुळे पुंजक्यातला दाब उतरतो, म्हणजे प्रथिनं कमी करून आपण जे साधू पाहतो तेच, पण कितीतरी भरवशाने. म्हणून मला वाटतं की किडनीसाठी फक्त आहारावर भिस्त ठेवणाऱ्यांनी आधी या दोन गोळ्यांबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावं. दुसरी गोळी सुरू केल्यावर ईजीएफआर ५४ वर आलं तेव्हा माझा धीर सुटला होता. दाब उतरला की सुरुवातीला आकडा थोडा घसरतो आणि मग स्थिरावतो, हे डॉक्टरांनी आधी सांगितलेलं होतं, तरीही. आणि उलट्या-जुलाब झाले, किंवा खाणंपिणं बंद झालं, तर ती गोळी थांबवून फोन करायचा, हेही सांगितलं होतं. नाहीतर शुगर फारशी वाढलेली नसतानाही कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढून धोका होतो.

काही महिन्यांनी पुन्हा कॅन, पुन्हा फ्रिज. या वेळी हिशेबात ५८ ग्रॅम निघाले. ५४ नाहीत, पण डॉक्टर म्हणाले हे पुष्कळ झालं, याच्या खाली जाऊ नका. एसीआर ५२ वर आलं. मीठ ७ ग्रॅमवर. एसीआर कशामुळे उतरलं, गोळीने, मिठाने की प्रथिनांनी, हे कुणी सांगू शकत नाही, कारण सगळं एकदमच बदललं होतं. मला विचाराल तर मोठा वाटा गोळ्यांचा.

माझी मूठ किती घट्ट आवळते हेही डॉक्टर दर वेळी एका यंत्रावर मोजतात, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावतात. ताकद घटायला लागली किंवा वजन आपोआप उतरायला लागलं तर प्रथिनांची मर्यादा सैल करायची, असं आताच ठरवून ठेवलंय. म्हातारपणी किडनी जपताना पाय गेले तर काय उपयोग, हे त्यांचे शब्द.

मधल्या काळात मुलाने ऑफिसच्या तपासणीत क्रिएटिनीन करून घेतलं. १.४ आलं, पुढे तारा. रात्री अकराला माझ्या खोलीत आला. मी विचारलं, "क्रिएटिन घेतोस ना, जिमसाठी? आणि आदल्या रात्री मटण?" दोन्हींना हो म्हणाला. स्नायू भरपूर, त्यात क्रिएटिनची पावडर, त्यात शिजवलेलं मांस, तिन्हींनी रक्तातलं क्रिएटिनीन वर दिसतं. त्याला पावडर थांबवून सिस्टॅटिन सी ही किडनीची दुसरी रक्ततपासणी करायला सांगितलं, कारण ती तपासणी स्नायूंवर तेवढी अवलंबून नसते. ती व्यवस्थित आली. एसीआर मात्र त्याला मी मागे लागूनच करायला लावलं, तेही सात आलं.